पीएस५ चं २०२४ : वर्ष खरंच कोरडं गेलं का?

कसबा_बावडा_एक्सप्रेस

नमस्कार मंडळी, एरवी मी इथं नुसता वाचून जातो पण आज विचारायचंच म्हणून बसलोय. एप्रिलमधे आपल्याकडं पीएस५, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५ हा गेम कन्सोल, त्याचं स्लिम मॉडेल आलं तेव्हा घेतला, डिस्कवाला, ५४,९९० ला, घरात किंमत सांगितली नाही ते सांगायला नकोच. शिरोलीत कंपनीत आहे, सेकंड शिफ्ट असली की सकाळचा वेळ मिळतो, तेवढ्यात काय खेळणं होईल ते. आता डिसेंबर संपत आला आणि मेव्हणा परवा जेवायला आला तर टीव्हीखालचं ते पांढरं खोकं बघून म्हणतो, दाजी तुम्ही नेमकं चुकीच्या वर्षी घेतला, सोनीनं यंदा दिलंय काय, ना गॉड ऑफ वॉर ना स्पायडरमॅन, नुसती धूळ खातोय तो. मला बोलता आलं नाही कारण मनात हिशोब घातला तर मी स्टेलर ब्लेड खेळलो, एफसी २५ ही फुटबॉलची खेळायलोय, आणि मधले सगळे महिने गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक आणि स्पायडरमॅन २ वर काढले, म्हणजे एक २०२२ ची आणि एक २०२३ ची. नवीन वर्षातलं माझ्या वाट्याला निम्मंच आलं की.

तर विचारायचं असं, की जे आधीपासून पीएस५ वर आहेत त्यांच्या मतानं हे वर्ष खरंच कोरडं गेलं की मलाच माहीत नाही काय काय येऊन गेलं? आणि संक्रांतीपर्यंत एक किंवा फार तर दोन डिस्क घ्यायचा विचार आहे, जुनी चालेल, एक्सचेंज चालेल, त्यात काय घेऊ? आणि एक राहिलं, कॉनकॉर्डची डिस्क एका दुकानात अजून काचेमागं लावलीय, स्वस्तात द्यायला तयार आहे, ती घेण्यात काय अर्थ आहे का?

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

मेव्हण्याचं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं त्याचं स्वतःचं पण नाही, सोनीनंच फेब्रुवारीत सांगून टाकलेलं. आकडे जाहीर करताना म्हणाले की मार्च २०२५ पर्यंत गॉड ऑफ वॉर किंवा स्पायडरमॅनसारख्या चालत आलेल्या मोठ्या मालिकेतली नवीन गेम येणार नाही. लपवाछपवी काही नव्हती. त्याच महिन्याच्या शेवटी ९०० लोकांना काढलं, लंडन स्टुडिओ बंद करायचं जाहीर केलं. वर्षाची सुरुवातच अशी झाल्यावर कोणाला वाटेल की पुढं काय भारी येणाराय.

पण गंमत बघ, पहिल्या चार महिन्यांत जेवढं आलं तेवढं नंतर खेळून संपवायला वेळ पुरला नाही मला. ८ फेब्रुवारीला हेलडायव्हर्स २, स्वीडनच्या अॅरोहेड नावाच्या स्टुडिओनं केलेली, चार जणांनी मिळून किडे आणि रोबो मारायचे, आपलीच गोळी आपल्याच दोस्ताला लागते आणि त्यावरनं जी भांडणं होतात तीच खरी गेम. १२ आठवड्यांत १ कोटी २० लाख कॉपी गेल्या पीएस५ आणि पीसी मिळून, आणि फेब्रुवारीत हे कोणालाच अपेक्षित नव्हतं, सर्व्हरला गर्दी झेपत नव्हती इतकी माणसं आत. मग २९ फेब्रुवारीला फायनल फँटसी ७ रीबर्थ, दोन डिस्कची, १९९७ च्या गेमचा तीन भागांत रीमेक चाललाय त्यातला मधला भाग. मग २२ मार्चला राइज ऑफ द रोनिन, एकोणिसाव्या शतकातला जपान, योकोहामा वगैरे, दिसायला जरा जुनाट वाटते पण तलवारबाजी एक नंबर. आणि त्याच दिवशी ड्रॅगन्स डॉग्मा २, दोन्ही मोठ्या गेम एकाच शुक्रवारी कशाला आणल्या देव जाणे. मग २६ एप्रिलला तुझी स्टेलर ब्लेड, कोरियाच्या शिफ्ट अप ची, त्यांची कन्सोलवरची पहिलीच गेम.

आता हे नीट बघ. हेलडायव्हर्स, रीबर्थ, रोनिन, स्टेलर ब्लेड, चारही आल्या तेव्हा कन्सोलमधे फक्त पीएस५ वर, आणि चारीतली एकही सोनीच्या स्वतःच्या स्टुडिओनं केलेली नाही. बाहेरच्यांकडनं करून घेतली किंवा आणली. स्वतःचं म्हणून त्या काळात काय तर जानेवारीत लास्ट ऑफ अस २ ची रीमास्टर, म्हणजे जुनीच गेम सुधारून. म्हणून मेव्हणा म्हणतो सोनीनं काही दिलं नाही, आणि मी म्हणतो कन्सोलवर भरपूर आलं, दोघंही खरं बोलायलोय.

मे, जून, जुलै मात्र पीएस५ वर सोनीकडनं नवीन मोठी गेम एकही नाही. तू नेमका एप्रिलमधे घेतलास त्यामुळं तुला तोच काळ आधी दिसला. जूनमधे एल्डन रिंगचं एक्स्पान्शन आलं २१ तारखेला पण त्याला मूळ गेम पाहिजे आणि मूळ गेममधे बरंच पुढं गेलेलं पाहिजे, नवीन माणसाला त्याचा उपयोग शून्य.

आणि ऑगस्ट-सप्टेंबर. २३ ऑगस्टला कॉनकॉर्ड, पाच विरुद्ध पाच गोळीबाराची, ४० डॉलर, समोर तसलीच ओव्हरवॉच फुकट. कोण घेणार? ३ सप्टेंबरला सांगितलं बंद करतोय, ६ सप्टेंबरला बंद, पैसे परत. ऑक्टोबर संपता संपता स्टुडिओच बंद. आणि त्याच ६ सप्टेंबरला अॅस्ट्रो बॉट आली, तीच पुढं १२ डिसेंबरला गेम अवॉर्ड्समधे वर्षाची सर्वोत्तम गेम ठरली. दरवर्षी येणारी ती बेसबॉलची आणि नोव्हेंबरातली लेगो होरायझन सोडली तर सोनीच्या स्वतःच्या स्टुडिओंची नवीकोरी मोठी गेम म्हणून ह्या दोनच धरायच्या, एक जायच्या दिवशी दुसरी आली. असलं योगायोगाचं वर्ष मी तरी बघितलं नाही.

माझे मार्क दहापैकी सात. कॉनकॉर्डची डिस्क घेऊ नकोस, का ते खाली कोणीतरी सांगेलच, माझी बोटं दुखली.

पेठेतला_स्टॉपर

आरं काय लावलंय येवढं. आमच्या गल्लीत २०२४ मधी एकच गेम आली, एफसी २५. विषय संपला.

भावा कोल्हापुरात बसून फुटबॉल सोडून बाकीच्या गेमची लाइनअप काढायची म्हंजे मटणाच्या ताटात कोशिंबीर मोजत बसल्यागत हाय. पाटाकडील तालीम (पीटीएम) आणि शिवाजी, ह्या आमच्या तालीम-मंडळांच्या टीमांची मॅच बघून शाहू स्टेडियममधनं पोरं बाहेर पडली की निम्मी कुठं जात्यात? खोलीवर, कंट्रोलर पकडायला. वर्ल्डकपला पेठंत अर्जेंटिनाचा झेंडा लावायचा का ब्राझीलचा ह्यावरनं ज्यांच्यात बोलाचाली बंद हुत्या ती माणसं इथं एका सोफ्यावर बसत्यात.

आता खरं सांगायचं तर ईए कंपनी दरसाली तेच इकतंय, हे आमाला बी कळतंय. नाव बदललं, फिफाचं एफसी झालं, आत तेच. पण यंदा त्यांनी रश मोड घातलाय, पाच-पाच जणांचा, लहान ग्राउंड, गोलकीपर कॉम्प्युटरचा, आणि त्यो मोड म्हंजे आमच्या गल्लीतल्या फुटबॉलचं जसंच्या तसं हाय, पासिंग कमी आणि वरडणं जास्त. त्या एका मोडनं आमचं वर्ष निघालं. इंडियन सुपर लीग फिफा २२ ला घातली तवा बरं वाटलं हुतं, पर आमच्या तालमींची लीग घालायची अक्कल त्यास्नी कधी यायची? ते घाला म्हणावं, एका पेठंत हजार डिस्क खपत्यात.

मार्क दहापैकी नऊ. एक मार्क कापला, कारण धाकटा भाऊ दर म्याचला बार्सिलोना घेतोय.

नागाळा_पार्क_वाल्या_बाई

वरच्या स्टॉपरदादांचं वाचून हसू आलं, पण आमच्या घरात नेमकं उलट आहे. माझ्या लेकीला फुटबॉलमधे काडीचा रस नाही आणि यजमानांना ज्या गेम आवडतात त्यात रक्त इतकं की ती समोर असताना लावता येत नाहीत. त्यामुळं आमचा पीएस५ वर्षभर रात्री दहानंतरच चालू व्हायचा. अॅस्ट्रो बॉट आली आणि तो पहिल्यांदा संध्याकाळी चालू झाला.

कसबा बावडावाले, तुम्ही विचारलंय म्हणून सांगते, ही गेम एकट्यानंच खेळायची आहे, दोन कंट्रोलर लावून दोघं खेळतील असं नाही. आम्ही आळीपाळीनं खेळतो, पडलं की कंट्रोलर दुसऱ्याच्या हातात. कथा म्हणाल तर एवढीच की पीएस५ च्या आकाराचं यान वाळवंटात कोसळतं, त्याचे भाग चोरीला गेलेत आणि सगळे छोटे रोबो इकडंतिकडं पांगलेत, ते गोळा करायचे. तीनशेच्या वर रोबो आहेत आणि त्यातले कित्येक जुन्या गेममधल्या पात्रांच्या वेषात. मला त्यातले निम्मे ओळखू आले नाहीत, यजमान मात्र प्रत्येकाला बघून ओरडत होते. मधेच गॉड ऑफ वॉरची लेव्हल येते, कुऱ्हाड फेकायची आणि परत बोलवायची, अनचार्टेडची येते, लोकोरोकोची येते. म्हणजे मेव्हणे जे म्हणतात की यंदा गॉड ऑफ वॉर नाही, तर एक लेव्हल तरी आहे हो!

मला सगळ्यात जास्त कौतुक कंट्रोलरचं वाटलं. पत्र्यावर चाललं की हाताला वेगळं, गवतात वेगळं, पाऊस पडायला लागला की थेंब तळहातावर. हा कंट्रोलर २०२० पासून आहे, पीएस५ बरोबर अॅस्ट्रोचीच एक छोटी गेम आत फुकट येते त्यात हे सगळं दाखवलेलं होतं, पण मधल्या काळात किती गेमवाल्यांनी त्याचा असा वापर केला? फार कमी. आणि केली कोणी, तर साठेक माणसांच्या टीमनं. शेकडो माणसं आणि पाच-सहा वर्षं लावून एक गेम करायची आणि ती चालली नाही की स्टुडिओला टाळं, ह्यापेक्षा असं काही जास्त बरं नाही का? हे मी उगाच मधे बोलले, पण कॉनकॉर्डचं वाचून मनात आलंच.

अवॉर्ड मिळालं त्याच दिवशी ख्रिसमसची एक लेव्हल फुकट दिली, ती पण खेळून झाली. मुलांबरोबर दोघांनी मिळूनच खेळायचं असेल तर नोव्हेंबरमधे लेगो होरायझन आलीय, त्यात दोन कंट्रोलर चालतात, पण सरळ सांगायचं तर लेकीनं ती अर्ध्यात सोडली.

हिंजवडीचा_कोल्हापुरी

मी जरा विरुद्ध बोलतो, राग मानू नका. २०२४ मधे पीसीवर काय काय आलं बघा. १६ मेला घोस्ट ऑफ त्सुशिमा, १९ सप्टेंबरला रॅग्नारॉक. हेलडायव्हर्स तर पहिल्या दिवसापासनं पीसीवर होती. रीबर्थची पण पीसीवरची जानेवारी २०२५ ची तारीख जाहीर झाली. मग पीएस५ चीच म्हणून ह्या वर्षी राहिलं काय, अॅस्ट्रो आणि आत्तापुरती स्टेलर ब्लेड, रोनिन. त्यासाठी ५५ हजार? वर ऑनलाइन खेळायला पीएस प्लस ह्या वर्गणीचे वेगळे पैसे.

आणि सोनीचं डोकं बघा, हेलडायव्हर्स पीसीवर एवढी तुफान चालली असताना मे महिन्यात अचानक म्हणाले की पीसीवाल्यांनी पण पीएसएन, म्हणजे सोनीचं ऑनलाइन अकाउंट जोडायचं, ज्या देशांत पीएसएन मिळतच नाही तिथल्या लोकांनी काय करायचं कोणाला पत्ता नाही. लोकांनी वाईट रिव्ह्यूंचा असा पाऊस पाडला की थोड्याच दिवसांत निर्णय मागं घेतला. हातातली सोन्याची कोंबडी स्वतःच कापायला निघालेले.

मार्क पाच. ते पण अॅस्ट्रोचे.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

@हिंजवडीचा_कोल्हापुरी पीएसएनच्या घोळावर शंभर टक्के सहमत. पण ५५ हजारात रॅग्नारॉक नीट चालेल असा अख्खा पीसी लावून दाखव, मॉनिटरसकट, मग बोलू. आणि पीसीवर रॅग्नारॉक आली ती पीएस५ नंतर जवळजवळ दोन वर्षांनी. थांबायची तयारी असेल तर सगळंच स्वस्त पडतं, त्यात वाद नाही.

आणि तुम्ही सगळे फक्त एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकाच कन्सोलवर येणाऱ्या गेमच का मोजताय मला कळत नाही. एका घरात एक पीएस५ आहे, पीसी नाही, त्या माणसाला सायलेंट हिल २ आली म्हणजे आली, ती एक्सबॉक्सवर आहे का पीसीवर आहे ह्याच्याशी त्याला काय करायचंय? जानेवारीत टेकन ८ आली आणि प्रिन्स ऑफ पर्शिया द लॉस्ट क्राउन आली. ही दुसरी तर वर्षातली सगळ्यात दुर्लक्षित गेम, आडवी चालणारी, नकाशा उलगडत जायचा, युबिसॉफ्टच्या माँपेलियेच्या टीमनं इतकी सुबक केलीय, आणि घेतली कोणी नाही म्हणून ती टीम दुसऱ्या कामांना वाटून टाकली. (ह्याच मालिकेतल्या सँड्स ऑफ टाइमचा रीमेक आधी युबिसॉफ्टच्या पुणे-मुंबईच्या टीमकडं होता तो २०२२ मधे मॉन्ट्रियलला नेला, ते दुखणं वेगळंच, त्यावर नवीन धागा काढा कोणीतरी.) ११ ऑक्टोबरला मेटाफर, पर्सोना ह्या गेम करणाऱ्यांची. एकाच ऑक्टोबरात अंटिल डॉन, सायलेंट हिल, मेटाफर, ड्रॅगन बॉल, ब्लॅक ऑप्स, ड्रॅगन एज, होरायझनची रीमास्टर. दिवाळीचा बोनस कुठं कुठं पुरवायचा माणसानं?

राजारामपुरी_अकरावी

सगळ्यांचं वाचलं. मी दुकानदार नाही पण डिस्क फिरवणाऱ्यांतला जुना माणूस आहे, आमचा ग्रुप आहे, राजारामपुरी ते उद्यमनगर ते उचगाव, कोणाकडं काय आहे आणि कोणाचं संपलंय ते एकमेकांना कळवायचं आणि अदलाबदल करायची, वर थोडे पैसे इकडंतिकडं. त्यामुळं मला वर्ष कसं गेलं ते अवॉर्डवरनं नाही, कुठली डिस्क किती दिवसांत परत बाजारात येते त्याच्यावरनं कळतं. बावडेकर, तुम्ही डिस्कवाला घेतला हे सगळ्यात शहाणपणाचं केलंत, बिनडिस्कवाल्यापेक्षा दहा हजार जास्त गेले तरी. सोनीची मोठी नवीन गेम २०२४ मधे ४,९९९ ला, त्यातले निम्म्याच्या वर परत हातात आले तर वर्षाला चार गेम जास्त खेळून होतात.

आता यंदाचं सांगतो. स्टेलर ब्लेड लई लवकर परत यायला लागली, कारण एकदा संपली की बहुतेकजण दुसऱ्यांदा धरत नाहीत, पण भाव टिकून होता कारण मागणारे तेवढेच होते. रीबर्थ परतच येत नाही, कारण संपतच नाही कोणाची, त्यात मधेच पत्त्यांचा एक खेळ आहे आणि आमच्या ग्रुपातला एक तर मूळ कथा सोडून तेच खेळत बसलाय. रोनिन जूनपर्यंतच अर्ध्या भावात. ड्रॅगन्स डॉग्मा घेतली ज्यांनी त्यांनी शहरात शिरलं की फ्रेमरेट पडतो, गेम अडखळते म्हणून शिव्या घातल्या आणि विकली, पण एकदोघं असे आहेत की त्यांच्या मते वर्षातली हीच गेम. हेलडायव्हर्सची डिस्क फिरवण्यात मजा नाही, कारण चौघांनी खेळायचं तर चौघांकडं पाहिजे, एकदा घेतली की ठेवायची.

अॅस्ट्रो बॉट सप्टेंबरपासून आमच्याकडं परत आलेली मी बघितली नाही. ज्यानं घेतली त्याच्या घरात पोरंबाळं नाहीतर पुतणे-भाचे, कोण विकू देतंय. ह्याच्यावरनं काय समजायचं ते समजा.

ब्लॅक मिथ वुकोंग ह्या गेमचं मात्र आमच्या ग्रुपात नाव काढायचं नाही! २० ऑगस्टला आली, तीन दिवसांत १ कोटी कॉपी, जग येडं झालं, आणि आली तेव्हा नुसती डाउनलोडची, डिस्कच नाही. इथं अर्ध्या लोकांना आधी वाटलेलं की मारुतीरायाची गेम आहे, ती चिनी कथेतल्या वानरराजाची आहे पण ते असू दे, नेमकी जी सगळ्यांना पाहिजे होती तीच फिरवता आली नाही. ज्यानं घेतली त्याच्या घरी जाऊन बघायची. बलाट्रो पण आली तेव्हा तशीच, पण ती एकाच माणसानं केलेली पत्त्यांची गेम, मोबाइलवर पण मिळते, तिचं दुःख नाही. तर मी म्हणतो वर्ष कोरडं नव्हतं, पण ह्यातलं चांगलं ते हळूहळू डिस्कच्या बाहेर चाललंय आणि आपल्यासारख्या गावात गेम पोचते ती डिस्कवरनं, ही काळजी मला कॉनकॉर्डपेक्षा मोठी वाटते.

कॉनकॉर्डची डिस्क घेऊ नका. गेम ऑनलाइनच चालायची, सर्व्हर बंद, आता ती डिस्क घातली तर खेळायला काही नाही. कपाटात शोभेला ठेवणारे काहीजण असतात, त्यांनी घ्यावी. आणि त्या दुकानदाराला विचारा तरी की गिऱ्हाईकाला हे सांगतो का, नसेल सांगत तर ते बरोबर नाही.

घ्यायचंच तर अॅस्ट्रो नवीन घ्या, जुनी मिळायची वाट बघू नका. दुसरी म्हणून रीबर्थ किंवा सायलेंट हिल २, पण रीबर्थला आधी २०२० चा पहिला भाग खेळलेला बरा. होरायझनची रीमास्टर वेगळी विकत घेऊ नका, जुनी पीएस४ ची डिस्क कोणाकडनं तरी घ्या आणि १० डॉलरचं अपग्रेड मारा, तेच होतं.

कसबा_बावडा_एक्सप्रेस

अहो एवढं सगळं? मी दोन-चार ओळींची अपेक्षा केलेली. सगळ्यांचे आभार, मेव्हण्याला लिंक पाठवून दिलीय, त्यानं फक्त हिंजवडीवाल्यांच्या पोस्टला लाइक केलं.

अॅस्ट्रो नक्की. पुतण्या येतो रविवारी, त्याला पण होईल. दुसरीचं अजून ठरत नाही, सायलेंट हिल का मेटाफर. मी २००१ ची मूळ सायलेंट हिल २ खेळलेली नाही, कोडी सोडवण्यात माझं डोकं चालत नाही, शिफ्टवरनं आल्यावर तर नाहीच. आणि अजून एक, मामेभाऊ दुबईत आहे, फेब्रुवारीत येतोय, तो म्हणतो पीएस५ प्रो (जास्त ताकदीचं मॉडेल) घेऊन येऊ का, यंदा आपल्याकडं का आणला नाही तो? माझा स्लिम विकून घ्यावा का?

हिंजवडीचा_कोल्हापुरी

मेव्हण्याला माझा नमस्कार सांगा, माणूस योग्य आहे.

प्रो आपल्याकडं आणला नाही कारण त्यात वायफाय ७ आहे आणि त्याला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा बँड भारतात २०२४ मधे खुला केलेला नव्हता, सोनीनं तेच कारण दिलं. ७ नोव्हेंबरला बाकी बऱ्याच देशांत आला, अमेरिकेत तेव्हा ७०० डॉलरला, आणि महत्त्वाचं म्हणजे त्यात डिस्क ड्राइव्ह नाही, वेगळा विकत घेऊन लावायचा. तुमचं सगळं गणित डिस्कच्या अदलाबदलीवर, मग कशाला? इथं वॉरंटीचं पण कोण विचारणार नाही. त्या पैशात भावाकडनं चांगला टीव्ही... नको, टीव्ही विमानातनं कसा आणणार. खजूर आणायला सांगा.

नागाळा_पार्क_वाल्या_बाई

सायलेंट हिल २ मधे कोड्यांचा अवघडपणा आणि मारामारीचा अवघडपणा वेगवेगळा ठेवता येतो, सुरुवातीलाच विचारतं. कोडी सोपी ठेवा, काही कमीपणा नाही. पोलंडच्या ब्लूबर टीमनं केलीय, आधी सगळ्यांनी नावं ठेवली होती की ह्यांना जमणार नाही, पण जमलंय. माझे यजमान मात्र ती दिवसाच खेळतात, रात्री हेडफोन लावून एकदा प्रयत्न केला आणि तेव्हापासून नाही. तुमची सेकंड शिफ्ट म्हणजे सकाळीच खेळणार, तुम्हाला सोपं जाईल.

मेटाफर फार वेळ खाणारी आहे, वाचायचं पण खूप. आधी फुकटचा डेमो आहे तो उतरवून बघा, त्यातलं सेव्ह पुढं पूर्ण गेममधे चालतं, आवडली तरच पैसे घाला.

राजारामपुरी_अकरावी

सायलेंट हिलची एक डिस्क आमच्या ग्रुपात आहे, उचगावच्या पोराकडं, नुकतीच संपलीय त्याची. तुमच्या स्पायडरमॅन २ वर थोडे वर द्यावे लागतील. बावडा-उचगाव लांब पडत असेल तर शनिवारी संध्याकाळी मधे कुठंतरी भेटू, मेसेज करतो तुम्हाला.

पेठेतला_स्टॉपर

सायलेंट-बियलेंट नंतर खेळ. शनिवारी डिस्क घ्यायला येतोयस न्हवं, मग तसाच पुढं पेठंत ये, रशला एक माणूस कमी पडायलाय. येताना तुजा कंट्रोलर घेऊन ये फकस्त, आमच्याकडं दोनच हैत.